एक तिथी, दोन मांडव आणि मी

२५ एप्रिल १९६१, मंगळवार. चिखली.
आजपासून रोजनिशी नियमित. जानेवारीतली पानं फाडली, तो सराव होता.
दोन लग्नपत्रिका आल्या. एक आमचे हेडमास्तर उकंडराव यांच्या मुलीची, लग्न इथेच चिखलीत. दुसरी मोताळ्याची. तिथे माझ्या बायकोचे, शैलजाचे, भाऊ उद्धवराव यांच्या मुलीचं, प्रतिमाचं लग्न. दोन्ही ७ मे. दोन्ही गोरज मुहूर्त. पुढे अधिक महिना लागतो, त्यामुळे तिथ्यांची ओढाताण असणारच.
प्रश्न असा की मंगलाष्टकं म्हणणारा मी एकच. सगळी स्वरचित, दोन्हीकडच्या नातेवाइकांची नावं गुंफलेली. गेल्या वर्षी हिवऱ्याच्या लग्नात अकरा कडवी म्हटली. सातव्या कडव्याला ज्वारीच्या अक्षता संपल्या, तर लोकांनी खाली पडलेल्या वेचून टाकल्या. एवढा प्रतिसाद मी तरी कुणाला मिळालेला पाहिला नाही.
मोताळ्याला गेलो तर हेडमास्तर नाराज, आणि जूनमध्ये मॅट्रिकचं मराठी कुणाला द्यायचं ते त्यांच्या हातात. इथे थांबलो तर बायकोचं माहेर नाराज. शिवाय कुठलं तरी एक लग्न माझ्यावाचून सुनंसुनं होणार.

२६ एप्रिल, सकाळी ६.
ठरवलं. आधी या स्थितीला नेमका शब्द शोधायचा. शब्द सापडला की निर्णय आपोआप. मराठीचा शिक्षक आहे, अंदाजपंचे काम नको. त्यासाठी वेगळी निळी वही केली.
'अडचण': हलका शब्द. चपलेचा अंगठा तुटला की अडचण. खोडला.
'द्विधा': दोन्ही हवंसं वाटतं तेव्हा. मोताळ्याला जिलबी आहे, हेडमास्तरांकडे बुंदी. जवळ येतो, पण पोटापुरताच. खोडला.

२८ एप्रिल.
'पेच': पेच दुसऱ्या कुणीतरी घालावा लागतो. इथे कुणीच घातलेला नाही, तिथी जुळली इतकंच. खोडला.
शाळेचा शिपाई कडूबा म्हणाला, गुरुजी, काऊन एवढे सुकून राह्यले? सांगितलं त्याला. तर म्हणे एका जागी मले धाडा, एखादं कडवं मले बी येते. हसू आलं. बिचारा.

३० एप्रिल, रविवार.
भांडणाची पूर्ण तयारी करून शैलजाला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही खुशाल हेडमास्तराकडं जा, नोकरीचा मामला आहे, आमच्याकडं काही अडून नाही राह्यलं. माहेरचं लग्न, आणि एवढा त्याग. डोळ्यांत पाणी आलं. माझ्या.

१ मे.
शाळेत झेंडावंदन. राज्याला वर्ष झालं. नंतर हेडमास्तरांनी बाजूला घेतलं. म्हणाले, गुरुजी, घरचं लग्न आधी, तुम्ही मोताळ्याले जा. तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा तर हात जोडले. माझ्यासाठी दोघंही स्वतःचं नुकसान सोसायला तयार. म्हणजे मामला आणखीच सीरियस झाला.
'कात्री': दोन्ही पाती आपल्यावर चालून येतात. इथे दोन्ही मागे सरतायत. खोडला.
'इकडे आड तिकडे विहीर': दोन्हीकडे पंगत असताना असं म्हणणं कृतघ्नपणाचं. खोडला.
उद्या डिसिजन.

२ मे.
उद्या.

४ मे.
शैलजा मोताळ्याला गेली. एसटीत बसताना पुन्हा बजावलं, तुम्ही इकडंच राहा बरं. किती काळजी.
कडवी आता चौदा झाली. अंगणात रिहर्सल केली. शेजारच्या सरस्वतीबाईंनी खिडकी लावून घेतली. यंदा ऊन फार आहे.

५ मे.
सापडला. 'धर्मसंकट'. दोन्हीकडे कर्तव्यच. एक पाळावं तर दुसरं मोडतं, आणि ज्याच्यामुळे हे सगळं, त्याला बोलून दाखवता येत नाही. अगदी चपखल.
शब्द आला. निर्णय अजून आलेला नाही. येईल.

७ मे, रविवार. दुपारी ३.
फायनल. बुलढाण्याला जायचं. ते दोन्ही गावांच्या मधोमध आहे. तिथे ज्या बाजूची एसटी आधी सुटेल त्या लग्नाला मी. याहून निःपक्षपाती काय असू शकतं?

सायं. ५.१०. बुलढाणा स्टँड.
दोन्ही एकदमच लागल्या. याचा विचार केला नव्हता. करत होतो, तेवढ्यात दोन्ही सुटल्या.

७.१५.
मुहूर्त मात्र टळू दिला नाही. स्टँडवरच बाकावर उभं राहून चौदाही कडवी म्हटली. सात मोताळ्याकडे तोंड करून, सात चिखलीकडे. शेंगा विकणारी मनकर्णाबाई टोपली उचलून थेट रस्त्यापलीकडे जाऊन बसली. भारावली असावी.

९ मे.
कडूबा बुंदी घेऊन आला. हेडमास्तरांकडे मंगलाष्टक त्यानेच म्हटलं. एकच कडवं. लोकांनी आग्रह करून आणखी एक म्हणायला लावलं म्हणे.
दुपारी शाईची पुडी शोधताना तारेला ओवलेली जुनी पत्रं चाळली. त्यात उद्धवरावांचं शैलजाला आलेलं कार्ड, तारीख १० एप्रिल. जसंच्या तसं उतरवतो:
'भाऊजीले बोलावलं तर मुहूर्त टळते. नाही बोलावलं तर तुले वाईट वाटते. मोठं धर्मसंकट आहे. बजारात तुमचे हेडमास्तर भेटले, त्याईच्याकडं बी हेच रडगाणं. म्हून दोघांनी मिळून एकच तिथी धरली. ज्याले त्याले वाटीन, ते दुसरीकडं गेले. भाऊजीले सांगू नको.'
शब्दाचा वापर बिनचूक आहे. निळ्या वहीत उदाहरण म्हणून घेतला. 'पेच' खोडला होता, तो पुन्हा लिहिला.
फार वाईट वाटलं.

११ मे.
काल शैलजा आली. कार्डाचं मी बोललो नाही. तिने तारेकडे बघितलं आणि चहा जरा जास्तच गोड केला.
लग्नातल्या उरलेल्या अक्षता तिने पिशवीत भरून आणल्यात. चांगल्या पायलीभर. चिमण्यांना घालू म्हणाली. सकाळपासून अंगणात चिमण्या खातायत, अजून संपल्या नाहीत.