वीसपर्यंत मोजायचं होतं

दि. ९ जून, सोमवार

चि. धाकटीस, ताईचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण जीभ ठणठणीत. काल डॉक्टरांनाच पथ्य सांगून आली. चिमीचा खोकला गेला का? तिला गार पाणी देऊ नकोस. तू ऐकणार नाहीस, पण सांगणं माझं काम.

परवा तुमच्या गल्लीतून गेले. आपल्या जुन्या शाळेच्या फाटकाला साखळी आहे. रस्त्याकडच्या खिडकीतून डोकावले, तर पहिलीच्या वर्गात बाकं एकावर एक रचलेली, आणि फळ्यावर शेवटच्या दिवसाची नोंद तशीच: पट सतरा, हजर सोळा. पालकांनी हवी ती शाळा निवडावी असा नियम आला आणि ज्यांना जमलं ते निघून गेले. मी तरी कुठे थांबले? अकरा वर्षं तिथे शिकवलं आणि मोठ्या शाळेनं बोलावल्यावर आठवडाभरात पिशवी उचलली. आता कोणत्या तोंडानं कुणाला नावं ठेवू?

तू लिहितेस, ‘ताई, तू प्रयत्न केलास, प्रवेश समितीपुढे तुझं काय चालणार.’ हे वाक्य मी चारदा वाचलं. पाचव्यांदा धीर झाला नाही.

आधी प्रवेशाच्या फॉर्मचं बोलते. तीन शाळांसाठी तीन चौकटी होत्या. तू तिन्ही भरायला निघालीस, तेव्हा मीच खेकसले, “मी बसलेय ना तिथे? आमचीच लिही, बाकीच्या रिकाम्या ठेव!” मोठ्या बहिणीची मिरवायची हौस, दुसरं काय. त्या दोन रिकाम्या चौकटींपायी आज चिमीला कुठलीच शाळा नाही. अख्खं वर्ष पोरगी घरात बसणार.

आणि समितीबिमिती काही नसते गं. एक टेबल, एक घड्याळ आणि एक बाई. मुलाला एकट्याला आत आणतात, पालक बाहेर बाकावर. चिमीच्या वेळी ती बाई मी होते.

नात्यातलं मूल आलं की आपण उठायचं, हा नियम. मी उठले नाही. म्हटलं, मावशी दिसली की पोरीला धीर येईल. तिला आलाही, मला बघून हसली.

चित्र दाखवायचं, उत्तराला पाच सेकंद. चिमीला शब्द उशिरा सापडतो. जुन्या शाळेत अशा पोरांसाठी मीच सगळ्या बायांना बजावायचे, मनात वीसपर्यंत मोजा, पोर बोलतं म्हणजे बोलतं. त्या दिवशी मी पाचच मोजले. मुख्याध्यापिका पाठीमागे उभ्या होत्या आणि माझी नोकरी अजून कच्ची आहे. घाबरले मी. लिहिलं, ‘बोलत नाही.’ चार चित्रं, चार वेळा तेच. खाली शेरा, ‘या शाळेस योग्य नाही,’ आणि सही.

शिपाईबाई तिला हात धरून बाहेर नेत होत्या. दारात ती वळली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “मावशी, छत्री.” मग बदक. मग शिडी. मग कात्री. चारही बरोबर, ओळीनं. मी ऐकलं आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.

तू लिहिलंयस, चिमी हल्ली सारखी ‘मावशी, छत्री’ म्हणते, एखादी छोटी छत्री पाठव. अगं, तिला छत्री नकोय. ती अजून मला उत्तर देतेय.

तक्रारीची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. हे पत्र घेऊन शिक्षण कचेरीत जा. नात्यातली बाई टेबलावर होती हे सिद्ध झालं की चाचणी रद्द होते आणि दुसऱ्या बाईकडून पुन्हा होते. त्या बाईंना वीसपर्यंत मोजायला सांग. मोजतीलच असं नाही.

माझी नोकरी जाईल. ‘गेली उडत’ म्हणण्याइतकी मी मोठ्या मनाची नाही. तरी पत्र फाडू नकोस. आपलीच ताई म्हणून सगळं पोटात घालायची तुला खोड आहे, या वेळी घालू नकोस. आईला मी सांगेन. तू मला लिहिलं नाहीस तरी चालेल.

खाली घरातलं ‘ताई’ लिहीत नाही. शेऱ्याखाली आहे तीच पूर्ण सही करते. कचेरीत जुळवून बघायला सांग.

(सही)
सहायक शिक्षिका,
प्रवेश टेबल क्रमांक दोन