कॉम्प्युटरच्या खोलीबाहेरचे बूट

१४ डिसेंबर १९८७, सोमवार
आज परत बंद पडला. नवीन आणून महिना नाही झाला. करंदीकर बसले होते. दहा मिनिटं नाही झाली तोवर आतून ओरडले, "परब! इकडे ये!" मी काय करणार, मी प्यून. गेलो तर सगळी अक्षरं गायब, काळा पडदा आणि कोपऱ्यात एक हिरवी रेघ लुकलुकतेय. मालाची अर्धी यादी गेली. करंदीकर पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. "सकाळी याच्यावर फडकं कोण मारतं रे?"
मी मारतो. साहेबांनीच सांगितलंय मारायला.

वाकोल्याला खोलीवर आल्यावर दादाला सांगितलं. चुलतभाऊ आहे, पण डाफरतो बापासारखा. तो गिरणीत होता, संपानंतर बिल्डिंगवर वॉचमन झाला. म्हणाला, "आमच्या खात्यात धागो तुटलो तरी कोणाचा तरी नाव लागायचा. तू लिवन ठेव. कोण आत गेलो, कधी गेलो, कधी बंद पडला. उद्या आळ इलो तर नुसता तोंडान सांगान कोण आयकणा नाय."
म्हणून ही वही. आठवीत शाळा सोडली, त्यानंतर आईला पत्र सोडून काही लिहिलेलं नाही.

१५ डिसें.
माझं स्टूल कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर. आतलं दिसत नाही, काच दुधी आहे. पण आत कोण आहे ते मला कळतं. साहेबांनी पाटी लावली आहे, बूट-चपला बाहेर काढा. धूळ गेली तर मशीन मरतं म्हणे. आत एसी, भिंतीपासून भिंतीपर्यंत हिरवा नायलॉनचा गालिचा, देवळाच्या गाभाऱ्यासारखं थंड. आणि बाहेर जोडे सांभाळायला मी.
काळे बूट, टाच झिजलेली = करंदीकर, हेडक्लार्क. निळ्या पट्ट्याची चप्पल = पाटकर मॅडम, टायपिस्ट. बोरीवलीहून येते, कॉम्प्युटरचा क्लास केलाय. तपकिरी चकचकीत = साहेब.
मी पाय धुऊन अनवाणी जातो. माझी चप्पल मोजायची गरज नाही.
बंद पडला की बं. लिहिणार.

१६ डिसें.
क. ११.२० आत. ११.३५ बं.
पा. १२ ते १. चालू.
क. ३.१० आत, ३.१२ बं. दोन मिनिटांत!
पा. साडेतीन ते पाच. चालू.

करंदीकरच करतात. दुसरं कोण? बावीस वर्षं मालाचं रजिस्टर त्यांनी हाताने लिहिलं, अक्षर छापल्यासारखं. आता तेच काम पा. अर्ध्या दिवसात करते. त्यांना मशीन नकोच आहे. पण नको म्हणायची हिंमत नाही, म्हणून आत जाऊन काहीतरी दाबतात आणि बाहेर येऊन माझ्या फडक्याचं नाव घेतात.

जानेवारीअखेर मला सहा महिने होतील. परमनंट करायचं की नाही ते साहेब तेव्हा ठरवणार. आईला मी लिहून टाकलंय, झालो म्हणून. हॉटेल, छापखाना, गॅरेज आणि आता ही. गावात म्हणतात परबांचा दिनू एका जागी बसत नाही. यावेळी बसलोय तर खालचं स्टूल ओढतायत.

१८ डिसें.
ज्यांनी मशीन विकलं त्यांचा इंजिनिअर आला. माझ्याच वयाचा, टाय लावलेला. बाहेर तीन जोड बूट. दार उघडं होतं म्हणून दिसलं. त्याने टेस्टर लावून लावून बघितलं, करंट कुठे उतरत नाही. म्हणाला, व्होल्टेजचा प्रॉब्लेम.
साहेब म्हणाले, "ते व्होल्टेजचं खोकं पण तुम्हीच दिलं ना?"
मग तो स्वतः बसला. बं. त्याच्याच हाताखाली! कान लाल.
जाताना करंदीकरांनी दाराच्या कडीला हात लावला आणि "आई गं!" करून मागे उडाले. "चावलं मला! परब, कडीला काय लावलंस?"
इंजिनिअरने कडीला टेस्टर लावला. काही नाही. मी लावला हात. काही नाही.
नाटक?

२२ डिसें.
वही मोजली. बाहेर बूट असताना अकरा वेळा बं. बाहेर चप्पल असताना एकदाही नाही.
म्हणजे बूटवाले सगळे एक. इंजिनिअरपण सामील असेल, कोण जाणे. त्याला परत परत यायला मिळतं.

पा. चहा घेताना म्हणाली, "दिनेश, मशीनला मी आवडते रे. बाकी कोणी चालत नाही त्याला." हसत होती. करंदीकर मागेच उभे होते. ते नाही हसले.

२९ डिसें.
सगळा हिशोब फिसकटला. आज साहेब स्वतः बसले, ११.०५ ला. ११.१५ बं. साहेब थोडीच स्वतःच्या मशीनची वाट लावतील.
सगळ्यांना बाहेर उभं केलं. साहेब घाटकोपरचे गुजराती, मराठी बोलतात पण रागावले की गडबडतात. "कोणतरी जाणूनबुजून करते आहे. मला भेटला ना, त्याच दिवशी घरी." आधी माझ्याकडे बघितलं. मग करंदीकर हळूच म्हणाले, "साहेब, एकच माणूस बसला की चालतं. क्लास त्याच माणसाने केलाय. आत काय घालून ठेवलंय ते आपल्याला काय कळणार?"
पा. चा चेहरा उतरला.
मला वाईट वाटलं. आणि बरंपण वाटलं, खोटं का लिहू. माझ्यावरची नजर हलली.

६ जाने. १९८८
पा. ला सर्दी. एसीमुळे पाय गारठतात म्हणून भावाचे शाळेचे मोजे घालून आली, चॉकलेटी, चप्पलवर. "हसलास तर बघ."
१०.३० आत. १०.५० बं.
पहिल्यांदा! बाहेर निळी चप्पल. मी तीनदा बघितली.
करंदीकर धावत आले. "आता? आता काय म्हणणं आहे?"
तीपण करते म्हणजे. की मुद्दाम केलं, आपल्यावरचा संशय जावा म्हणून? बघा, माझ्याकडूनपण बंद पडतं. हुशार आहे, करेल. आता माझा कुणावरच विश्वास नाही.

७ जाने.
पा. आज दिवसभर. मोजे नव्हते, म्हणाली ओले झाले. एकदाही बंद नाही.
करंदीकर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार लावलेलं, पण ऐकू आलं. "हवं तेव्हा बंद, हवं तेव्हा चालू. आणखी काय पुरावा पाहिजे?"
मग तिला बोलावलं. बाहेर आली ती माझ्याकडे न बघता चप्पल घालायला लागली, डावी उजव्या पायात. साहेबांनी सांगितलंय, आणखी एकदा बंद पडला तर मशीन परत देणार आणि तिलाही घरी पाठवणार.
विचारलं मी, "मॅडम, खरं सांगा, तुम्ही..."
"तूपण?" एवढंच म्हणाली.

९ जाने., शनिवार
संध्याकाळी टेरिलीनचा शर्ट डोक्यावरून काढला तर चटचट आवाज. हातावरचे केस उभे. लगेच बादलीच्या कडीला हात लागला, चावली.
दादा म्हणाला, "थंडीत व्हता तसा. गिरणीत तर सुताक पण व्हायचा. म्हणान खात्यात पाणी मारीत ऱ्हवायचे."
मी तसाच उघडा बसून वही काढली.
बूटवाले बूट बाहेर काढतात. मोजे आत नेतात!
करंदीकर मोजे. इंजिनिअर मोजे. साहेब मोजे. ६ तारखेला पा. मोजे. अनवाणी असली की काही नाही. मी रोज फडकं मारतो, अनवाणी, काही नाही.
गालिच्यावर मोजे घासतात आणि बोटातून मशीनला चावतात. कोणी काही करत नाही. सगळे करतात.

११ जाने.
सांगितलं नाही कुणाला. आठवी नापास प्यून सांगणार, साहेब, मोज्यांमुळे तुमचा कॉम्प्युटर बंद पडतो? स्टूलसकट बाहेर काढतील. करंदीकरांना सांगावं तर उद्या तेच सांगतील, मी शोधलं म्हणून. पा. ला सांगावं तर तिचं कोण ऐकतंय आता.
आधी स्वतः करून बघायचं. दादाचे ड्युटीचे मोजे पिशवीत टाकले, नायलॉनचे.

१२ जाने.
जेवणाच्या सुट्टीत केलं. १.१०. सगळे डबे घेऊन गच्चीवर. आत जाऊन मोजे घातले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाय घासत चाललो, चार फेऱ्या. मग एक बोट, अगदी हळू, बटणांच्या पट्टीच्या कोपऱ्याला.
निळी ठिणगी. टच्. अक्षरं वेडीवाकडी झाली, मग काळं.
झकास! मी खरंच उडी मारली.
मग बाजूचा कागद दिसला. पा. ची यादी, पान सात, अर्ध्यावर पेन्सिलची खूण. साहेबांनी तिला मधेच बोलावलं होतं, तिथून ती तशीच जेवायला गेली. फ्लॉपीवर घेतलं नव्हतं. सकाळपासूनचं सगळं.
मोजे खिशात. बाहेर येऊन स्टुलावर बसलो.

१.४० ला आली. "दिनेश, आत कोण गेलं होतं?"
"कोण नाय."
तोंडातून निघालंच. मी ठरवलं नव्हतं.

साहेब ओरडले नाहीत. परवा इंजिनिअर येईल, त्याच्यासमोर निकाल लावू म्हणाले. सुट्टीत आत कोणी नव्हतं, म्हणजे तिनेच आधी काहीतरी लावून ठेवलं असणार. माझ्या "कोण नाय"वर सगळं उभं आहे.

१३ जाने.
करंदीकरांनी मला चहा पाजला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाले, "परब, तू सरळ मुलगा आहेस. मी उगाच संशय घेतला तुझ्यावर. उद्या साहेबांनी विचारलं तर जे आहे ते सांग, आत कोणी नव्हतं. तुझं परमनंटचं मी बोलतो."
मी त्यांना बदमाष समजत होतो. ते नाटक करत नाहीत. त्यांना खरंच वाटतं तिने केलं.

खोलीवर दादा ट्रंक उपसत बसलेला. "माझे मोजे खंय गेले?"
सगळं सांगितलं. तो हसला नाही.
"गप ऱ्हव. तुका कोणी बघूक नाय."
मी अंथरूण घातलं. दिवा मालवताना म्हणाला, "मगे त्या टायपिस्ट चेडवाचा काय?"
"तूच म्हणालास ना गप ऱ्हव."
"म्हटलंय. संपाच्या आदी माझा पण नाव असाच लागला हुता. जेणा केल्यान तो बाजूकच उभो हुतो. गप."

वही दाखवली तर मोजे सिद्ध होतात. पण १२ तारखेचं पानपण दिसतं. ते फाडायला घेतलं. वही मधोमध टाचलेली, टाचणीच्या अलीकडे ६ तारीख, पा. चे चॉकलेटी मोजे, आणि पलीकडे १२. कागद एकच. एक फाडला की दुसरा सुटून हातात येतो. आणि ६ तारीख नसेल तर राहतं काय? नुसते बूट.
नाही फाडलं. थोडं फाटलंय वरून.

१४ जाने., गुरुवार
स्टुलावरून लिहितोय. ११.०५.
बाहेर जोडे: तपकिरी. काळे, टाच झिजलेली. इंजिनिअरचे, आज पॉलिश. निळी चप्पल.
आत साहेबांचा आवाज. मग इंजिनिअर, काहीतरी इंग्रजीत. पा. चा आवाज येत नाही.
मला बोलावून विचारतील असं वाटलं होतं. रात्रभर उत्तर पाठ केलं, दोन्ही तऱ्हांचं. विचारतच नाहीत. माझं "कोण नाय" त्यांच्याकडे आधीच आहे, माझं काय काम.
आता हाक आली. "परब! चार चहा!"

चहा आणून ठेवलाय ट्रेमध्ये. वही ट्रेखाली धरता येते.
मोजे घातलेत. दादाचे, पायाला मोठे होतात. दारापासून मशीनपर्यंत नऊ पावलं आहेत, सकाळी मोजली. पाय घासत गेलं तर ठिणगीला पुरतील.
चहा निवतोय.