अकोटच्या बसवरची धूळ

मी, ज्योत्स्ना सहदेव तायडे, वय ६९, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार कठोरा रोड, अमरावती, हे मृत्युपत्र शाबूत डोक्याने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलाने आणून पाहिला, चालला नाही. या वयात लहान गाड्या बनवून रंगवणारी बाई शुद्धीवर नसते, असे कोणी कोर्टात म्हणणार असेल, तर त्याने आधी एक रंगवून दाखवावी.

१. माझे स्वकष्टार्जित घर मुलगा देवानंद व सून मोनाली यांना समान हिश्शाने. बँकेतली ठेव एकट्या मोनालीला. कारण खाली येईल.

२. रंग, ब्रश, भिंग आणि कपाटातल्या सर्व गाड्या माझी मैत्रीण शालू इंगळे हिला. तीच या मृत्युपत्राची व्यवस्थापक. गाड्या धुवू नयेत, एवढीच अट.

३. राहिली लाल एसटी. माझे पती कालकथित सहदेव अमरावती–अकोट बस चालवत. मी स्टँडवर डबा द्यायला गेले की पदराने बसचे दार पुसायला जाई. ते म्हणत, "राहू दे वं. लोकायले समजू दे, गाडी कुठून येऊन राहिली."

ते गेल्यावर मी त्यांची बस वीतभर आकारात केली. लाल ऑइलपेंट वाळल्यावर तपकिरी ॲक्रिलिकमध्ये थोडा काळा घालून, पाण्यासारखा पातळ करून वरून सोडला. तो खिडक्यांच्या कोपऱ्यांत, पत्र्याच्या सांध्यांत उतरला. बाकीचा कापसाने टिपला. तेव्हा कुठे ती सहदेवांची झाली.

देवानंदने ती अकोल्याला फ्लॅटवर नेली. दिवाळीच्या साफसफाईत मोनालीने ती पुसली. पाण्याने निघेना, म्हणून सॅनिटायझरने. लाल वाचला, धूळ गेली. तिने फोटो पाठवला, "आई, पाहा कशी चकाचक केली." मी दोन दिवस जेवले नाही.

मोनालीवर राग नाही. दिवाळीत घरातला मळ काढतात, तिने काढला. चूक कळल्यावर ती पहिल्या गाडीने आली आणि माझ्याजवळ बसून रडली. ठेव तिला आहे ती यासाठी.

देवानंदला मात्र ती धूळ कशाची हे ठाऊक होते. तो म्हणाला, "बरं झालं आई, आता चार लोकायसमोर ठेवता येते." ऑफिसात तो सांगतो, वडील परिवहन खात्यात अधिकारी होते. सहदेव ड्रायव्हर होते. त्याच पगारावर हा शिकला.

४. म्हणून बस देवानंदलाच, आहे तशी कोरी. त्याने ती शालूसमोर स्वतःच्या हाताने मळवावी. रंग पातळ ठेवावा, घाई करू नये, अर्धवट वाळला की टिपावा. नंतर बस दिवाणखान्यात ठेवावी. शालू न कळवता केव्हाही येईल आणि पाहुण्यांसमोर विचारील, "हे कोनाची गाडी?" त्याने सांगावे, "माह्या बाबाची. ड्रायव्हर होते." आवाज बारीक निघाल्यास बस शालूची. त्यावर कोर्टात जाता येणार नाही.

५. या कागदावरचा तपकिरी डाग माझ्या ब्रशचा आहे. ती खाडाखोड समजू नये. कोणी पुसूही नये.

स्थळ: अमरावती
दिनांक: ६ फेब्रुवारी २०२५

सही: ज्योत्स्ना सहदेव तायडे

आमच्यादेखत बाईंनी वाचून सही केली. डाग तेव्हाही होता.
साक्षीदार: १. डोमाजी वाकोडे, भातकुली
२. धम्मदीप गवई, अमरावती