डाळीचं पाणी

प्रिय बाबा,

तुमचे मासे आले.

तुम्ही गेलात, तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी परतले, आणि काल दुपारी मोटरचा कंडक्टर पत्र्याचा डबा घेऊन दारात उभा! "कंपाउंडरसाहेबाचं सामान हाय," म्हणाला. त्याला काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं तशी त्याने टोपी काढली, डबा हळूच ओट्यावर ठेवला. "बाई, कंपाउंडरसाहेबाच्या मुंबईच्या दोस्तानं धाडला. लवकर पान्यात सोडजा म्हने, नाईतर मरतीन."

हे पत्र मी आईच्या सांगण्यावरून लिहिते आहे. तिला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. "तूच लिही, मले नाई जमत," म्हणते. ती गोष्ट मी सांगतेच, पण आधी मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे.

काय हो बाबा, मासे मागवून ठेवायचे आणि आपण निघून जायचं, ही काय रीत झाली?

डब्याचं झाकण उघडलं. अंगठ्याएवढे दोन बुटके मासे, पिवळसर, अंगावर निळी झाक, डोळ्यातून गेलेली काळी रेघ. पाण्याला वास येत होता. दोघंही वर येऊन तोंडं उघडत होते. कोणत्या पाण्यात सोडू यांना? हे फक्त तुम्हालाच ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही नव्हतं!

गेल्या खेपेची जोडी आठवते? दवाखान्यातल्या तुमच्या काचेच्या टाकीत विहिरीचं पाणी होतं, त्यात तुम्ही ती सोडलीत. इंजेक्शनला आलेली पोरं रडणं विसरून काचेला नाक लावून बसली. दुसऱ्या दिवशी दोन्ही मासे उलटे तरंगत होते. "प्रवासानं दमले होते," असं तुम्ही सगळ्यांना सांगत फिरलात. मग मुंबईच्या मित्राने कळवलं की या जातीला हलकं पाणी लागतं, आणि तुमच्या विहिरीचं पाणी जड आहे.

मित्र दुसरे मोठे मासे द्यायला तयार होता. कुठल्याही पाण्यात जगणारे, धट्टेकट्टे. तुम्ही नाही म्हणालात. ते मोठे झाले की बाकीच्यांना गिळतात, तळ उकरून ठेवतात. टाकीत नाल्यातल्या आपल्या गावठी मासोळ्या होत्या ना! "माझ्या टाकीत सगळे नांदले पाहिजेत. बुटकेच पाहिजेत, पाणी मी शोधतो," हे तुमचं वाक्य.

आणि खिशात साबणाची वडी घालून निघालात. आपल्या सावली गावातल्या एकेका विहिरीवर जाऊन हात धुवायचे आणि फेस होतो का ते बघायचं. बायका पदराआड हसायच्या. शेजारच्या भागाबाईने तर तोंडावर विचारलं होतं, "काऊन जी भाऊ, घरी पानी नाई का?" एकाही विहिरीवर फेस धरला नाही. नदीवर मात्र कधी गेला नाहीत, तलावावर नाही, शेतातल्या बोडीवर, त्या पावसाच्या पाण्याच्या तळ्यावर, तर नाहीच. बोडीत गुरं उतरतात, त्या पाण्याने हगवण लागते, हे तुम्ही उभ्या तालुक्याला बजावत होतात. ज्या पाण्याला तुम्ही बंदी घातली होती त्यात साबण कसा घालणार?

आता काल काय झालं ते ऐका.

भागाबाई डबा बघायला आली. ती ढिवराची, मासोळीत जन्म गेलेला. म्हणाली, "टाकून दे तलावात. मासोळीच होय." मी खरंच उचलला होता डबा. मग मनात आलं, तुम्ही मागवलेली ही शेवटची वस्तू, आणि ती मी तलावात फेकून यायची? टाकीत सोडावं तर विहिरीचंच पाणी. तिथे गेल्या वेळचंच होणार. मी ओट्यावर बसले आणि रडले. रागाने रडले, बाबा. तुमच्यावरच्या.

मासे हे नुसतं निमित्त होतं. मला या आठवड्यात चामोर्शीला सासरी परत जायचं आहे. आई माझ्याबरोबर यायला तयार नाही आणि ती जेवत नाही. तुम्ही गेल्यापासून या घरात डाळ शिजलेली नाही. सकाळी चुलीवर चढवते, दुपारी बघावं तर दाणा न् दाणा वेगळा, पाणी वेगळं. आल्यागेल्याला "आमच्या घरची डाळ खाऊन बघा, लोणी आहे लोणी!" म्हणत तुम्ही पाट मांडायचात, तीच ही आई. मला वाटलं, तिचा जीवच उडाला. हिला एकटीला टाकून मी कशी जाऊ, हा घोर मला रात्रंदिवस लागलेला.

तर मी रडते आहे आणि आई आतून आली. तिला तुमची टाकी कधी आवडली नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. नव्या कंपाउंडरने ती दवाखान्यातून घरी पाठवली तेव्हा "माह्यापेक्षा यायच्यावरच जीव होता त्याईचा" म्हणून तिने छपरीतल्या कोपऱ्यात लोटली होती. तिने डब्यात वाकून पाहिलं. बराच वेळ. मग विचारलं, "कोनतं पानी पायजे म्हनत होते?"

"हलकं. साबणाला फेस येईल असं."

आईने घागर उचलली, डोक्यावर पदर घेतला आणि उंबरा ओलांडला. बाबा, सव्वा महिना विधवेने घराबाहेर पडायचं नाही म्हणून ती अंगणातसुद्धा उतरत नव्हती! भागाबाई ओरडली, "अवो वहिनी, कुठी चालल्या? लोक का म्हनतीन?" आई थांबली नाही.

परत आली तेव्हा लुगड्याचा काठ ओला, पायांना चिखल. घागर माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "घे. डाळीचं पानी हाये."

"कुठलं?"

"बोडीचं. विहिरीच्या पान्यात डाळ शिजते का कधी? लग्न झाल्यापासून मी तिथूनच आनतो. घागरीत निवळीचं बी घासतो, गाळ खाली बसते, मंग फडक्यानं गाळतो, चांगलं उकळू देतो. कोनाले काई झालं का?" आणि मग, सवयीने, आवाज खाली आणून, "तुह्या बापाले नोको सांगजो."

घागरीच्या काठावरून पाणी ठिबकत होतं.

थोड्या वेळाने ती खाली बसली आणि म्हणाली, "सांगून दे. आता का रागावतीन?"

म्हणून सांगते, बाबा. तुमची ती लोण्यासारखी डाळ जन्मभर बोडीच्या पाण्यात शिजली. गावभर साबण घासत फिरलात, आणि हलकं पाणी रोज तुमच्याच ताटात होतं. तुम्ही एकदा तरी तिला का विचारलं नाहीत? आणि तिला तुमच्या रागाची एवढी भीती का वाटावी? हसू येतं आणि वाईटही वाटतं.

साबण मी लावून पाहिला. फेस मनगटापर्यंत आला.

मासे एकदम सोडू दिले नाहीत तिने. डब्यातलं पाणी माशांसकट परातीत ओतलं आणि बोडीचं पाणी ओंजळीने घालत राहिली. एक ओंजळ, मग थांबायचं, मग दुसरी. मी घाई केली तर म्हणाली, "दम धर. मले या घरात आनलं तवा कोनं दम धरला होता?" मी हात मागे घेतला.

आज दोन्ही जिवंत आहेत. मादी परातीत फिरते आहे. नर अजून तळाशी कलून पडलाय, कल्ले हलतात तेवढंच. जगेल का, सांगता येत नाही. गावठी मासोळ्या बोडीच्या पाण्यातही राहतील, त्यांना चालतं. म्हणून टाकीतलं पाणी थोडं थोडं बदलायचं ठरवलंय. मगच सगळे एकत्र.

मी चामोर्शीचं जाणं पुढे ढकललंय. माझा शब्द आहे, नर गेला तर प्रवासावर ढकलणार नाही, तुम्हाला खरं कळवीन. आणि आईला लोक काय म्हणतात ते म्हणोत, ती बोडीवर निघाली की दुसरी घागर माझ्या डोक्यावर असेल.

घागरीत थोडं पाणी उरलं होतं. तिने काल संध्याकाळी त्यात तूर चढवली. मी कितीतरी दिवसांनी तिला जेवताना पाहिलं. डाळ शिजली होती, बाबा.

तुमची,
शकू