ओव्याच्या पानांची भजी

आई,

तुझ्या जावयाने आज चार चमचे ताक घेतलं. दुपार उलटून गेली, दिवसभरात पोटात गेलेलं तेवढंच. कर्करोगाची औषधं सुरू झाल्यापासून त्यांना अन्न समोर नको असतं. परवा डॉक्टर म्हणाले, वजन आणखी घटलं तर पुढचा डोस देता येणार नाही. तो सोमवारी आहे. मग आहाराचा एक छापील कागद हातात दिला, त्याच्याच पाठीवर हे लिहितेय. थोडं थोडं, वारंवार द्या, असं त्यात आहे. देते गं मी, घेणाऱ्याचं तोंडच उघडत नाही.

साजगावची तुझी खानावळ डोळ्यांपुढून हलत नाही. कारखान्याची पाळी सुटली की माणसं यायची ती भट्टीच्या धगीने सुकलेली. ताटावर बसायची आणि नुसती भाताकडे बघत राहायची. तू आधी भात वाढायचीच नाहीस. बशीत आल्याची पातळ चकती, वर लिंबू नि चिमूटभर मीठ. नाहीतर मागच्या दारची ओव्याची पानं बेसनात बुडवून तळलेली दोन भजी. एकदा एक नवा कामगार मान खाली घालून बसला होता आणि मी आपली भातावर भात वाढत सुटले. तू सगळ्यांदेखत माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलंस. "आदी तोंडाला चव येऊ दे त्याच्या. घाई तुला हाय गं, त्याला नाय." मला इतका राग आला की त्या दिवशी मी जेवले नाही. तो मात्र भजी खाऊन, वर आणखी दोन मागून, पोटभर जेवला. पुढे तोच तुझा जावई झाला आणि भजी मागायची सवय काही सुटली नाही.

म्हणून औषधांच्या पहिल्याच आठवड्यात मी आलं काढलं. तुझ्यासारखीच चकती, लिंबू, मीठ. त्यांच्या तोंडात फोड आलेत हे मला माहीत होतं, पण तुझा उपाय कधी चुकलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी चकती तोंडात धरली. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि माझ्याकडे बघून मान हलवताहेत, छान आहे म्हणून. मी हात पुढे केला तेव्हा कुठे टाकली. तेव्हापासून आल्याकडे बघवत नाही मला. मग जिऱ्याची पूड झाली, पुदिना झाला, कोथिंबीर वडी न तळता नुसती वाफवून दिली. सगळं लोखंडासारखं लागतं म्हणतात. फोडणीने तर पोटात ढवळतं. एका सकाळी मोहरी तडतडली तशी खोलीचं दार लोटून म्हणाले, "रागावू नको, पण घरात रांधू नकोस गं. मला वास सोसत नाही." मी मिसळणाचा डबा उचलला आणि शेजारच्या वहिनींकडे ठेवला. आता तिथेच रांधते. घरात शिरण्याआधी केस धुते, साडी बदलते. इथे कर्जतला आमच्या चाळीत सगळ्यांना वाटतं, बाईला सोवळ्याचं वेड लागलं.

आज तिथेच ओव्याची पानं तळली. म्हटलं, गार करून झाकून नेली तर वास येणार नाही, एक तुकडा तरी जाईल. ओठाशी नेला. त्यांनी मान फिरवली आणि उद्या खातो म्हणाले. उद्या, उद्या करत सोमवार येईल, मग मी काय करू? आई, सांग ना काहीतरी. तुझा असा एखादा उपाय होता का, जो मी नीट बघितलाच नाही? तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून तुझ्याच खानावळीत शोधतेय. दुसरीकडे कुठे शोधायचं ते मला कळत नाही.

उरलेली भजी घेऊन वहिनींकडे गेले. त्या बाजारात होत्या, किल्ली माझ्याकडे असते. ओट्याशी उभी राहून मी सगळी भजी खाल्ली, एकामागून एक, गार, तेलकट. चांगली झाली होती गं. फार चांगली झाली होती. तोंड धुऊन घरी आले तर हे विचारतात, "तू जेवलीस का?" मी म्हटलं, मलाही भूक नाही. त्यांनी माझा हात धरून ठेवला, किती तरी वेळ.

हे तुला पोचायचं नाही, म्हणूनच लिहिते. ते असे पडून असतात ना, तेव्हाही मला सणकून भूक लागते.