तोंड उघडत नाही म्हणून

पिपरी मेघे,
रविवार

प्रिय पियुष,

तुझा मेसेज मिळाला. ताई, साखरपुड्याले येजो, आई लय रडून राह्यली, झालं गेलं सोडून दे. खाली हात जोडल्याचं चित्र. असे हात जोडायला काही लागत नाही, अंगठा टेकवला की झालं. फोनवर मी तोंड उघडलं की तू बरं बरं, ठेवतो म्हणतोस, आणि मेसेज अर्धा वाचून पुसतोस, म्हणून कागदावर लिहिते आहे. शिवाय बोलण्यापेक्षा लिहिणं मला सोपं पडतं. दिवसभर कॉन्व्हेंटमध्ये पोट्ट्यांकडून पाढे म्हणून घेतले की संध्याकाळी उजव्या कानापुढे कळ येते. पूर्वी यायची तशी नाही, पण अजून येते. तू कधी विचारलं नाहीस, म्हणून आपणहून सांगितलं.

मुलगी चांगली आहे म्हणे. अपेक्षा. आईनं फोटो पाठवला. हसताना तिचे सगळे दात दिसतात, मला पहिलं तेच दिसलं. आता कुणाचंही तोंड किती उघडतं हेच मला आधी दिसतं, त्याला माझा इलाज नाही. फोटोखाली आईनं लिहिलं होतं, ये, पण पाहुण्यांसमोर जुना विषय काढू नको. जुना विषय म्हणजे मी. पाहुण्यांसमोर नाही काढत, तुझ्यासमोर काढते. तुला तरी सगळा पाठ असायला हवा.

त्या हिवाळ्यात मी जांभई दिली की कानाजवळ कट्ट वाजायचं. तू जेवताना माझ्या गालाला कान लावायचास, तुझ्या त्या दोस्ताला, रोशनला, बोलावून ऐकवायचास, की ताईची चेन ढिली झाली, तेल टाका. मीही हसायचे. मग एका सकाळी ब्रश तोंडात जाईना. दोन बोटं जातील एवढंच उघडायचं, पुढे अडकायचं. आईनं मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं. शेजारच्या आनंदाबाईनं लवंगेचं तेल दिलं. हिंगणघाटच्या एका दाताच्या डॉक्टरनं दाढेचं दुखणं आहे म्हणून एक दाढ काढली, आणि दुखणं थांबलं नाही म्हणून तिच्या शेजारची काढली. दोन्ही धडधाकट होत्या. एवढ्याशा फटीतून त्यानं त्या कशा ओढल्या ते लिहीत नाही, तू जेवत असशील. दाढा गेल्या आणि दुखणं होतं तिथंच राहिलं.

त्यातच निकेशचं स्थळ ठरलं. बोरगाव मेघेचे लोक, शिकलेले, बाबा हवेत होते. साखरपुड्यात निकेशच्या आईनं, सुमित्राबाईंनी, पेढा भरवायला हात पुढे केला आणि तो माझ्या दातांवरच अडला. मी हसून अर्धा करा म्हटलं. त्यांनी माझी हनुवटी धरली, बाजारात गोऱ्ह्याचे दात बघतात तसं तोंड उजेडाकडे वळवलं, आणि भर मांडवात विचारलं, की या पोरीचं तोंड काऊन उघडत नाई, खर्रा खाते का वो? बायका फिसकन हसल्या. आपल्या जिल्ह्यात दारू बंद आहे, पण पानठेल्यावर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून घेणारे दिवसभर हटत नाहीत. खर्रा खाऊन खाऊन तोंड मिटून गेलेला माणूस प्रत्येक घरात एखादा असतोच. त्यामुळे तोंड उघडत नाही म्हणजे खर्रा, हे आपल्याकडे डॉक्टरला विचारायचीही गरज पडत नाही. जबड्याला सांधा असतो आणि तो गुडघ्यासारखाच बिघडतो, हे कुणाला ठाऊक असणार.

पाहुणे गेल्यावर बाबांनी माझं कपाट उपसलं, पर्स उलटी केली, गादी उचलली. काही निघालं नाही, तेव्हा स्कूटीची डिक्की उघडली. आत खर्ऱ्याची पन्नी होती, अर्धी खाल्लेली, वर रबर लावलेलं. तू दारात उभा होतास. बाबांनी विचारलं, कुणाची. मी तुझ्याकडे बघितलं. तू गप्प राहिला असतास ना पियुष, तरी मी तुला केव्हाच माफ करून टाकलं असतं. कॉलेजातला पोट्टा होतास, बाबांचा हात आपल्या दोघांनाही माहीत होता. पण तू म्हणालास, गाडी तर ताईच नेते ना. बाबांनी मारलं ते उजव्या गालावर, दुखत होतं तिथंच. मला धड ओरडताही आलं नाही, तोंड उघडतच नव्हतं. तू आत जाऊन टीव्हीवर मॅच लावलीस आणि आवाज वाढवलास. मी बाबांना सांगितलं की पन्नी तुझी आहे. ते म्हणाले, आपलं झाकायला भावावर ढकलते.

निकेशकडून नकार आला. मला त्याचं फार दुःख झालं नाही, माणूस नीट ओळखीचाही नव्हता. पण आपल्या वडनेरात सदाशिवरावाची पोरगी खर्रा खाते हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक झालं. आई रोज सकाळी दार लावून माझ्या तोंडाचा वास घ्यायची. आ कर म्हणायची, आ व्हायचा नाही, मग बोट घालून चाचपायची. मी कळवळले की म्हणायची, नाटकं करू नको. कुणीतरी सांगितलेली व्यसन सोडवायची पुडी ती माझ्या दुधात कालवायची, मला न सांगता. पहिल्याच घोटाला मला कळलं होतं, दूध इतकं कडू कुठे असतं. तरी प्यायले, कारण नाही म्हटलं की खाते म्हणून नाही म्हणते असं झालं असतं. जे व्यसन मला नव्हतं ते सुटावं म्हणून मी पावसाळाभर उलट्या काढल्या. तू समोर बसून निवांत जेवायचास आणि वर बडीशेप चघळायचास. बडीशेपेतूनही सुगंधी तंबाखूचा वास मला यायचा. आईला कधी आला नाही. मुलाच्या तोंडाचा वास घ्यायचं तिला सुचलं नाही, मुलीच्या तोंडात मात्र तिचं बोट रोज होतं.

नोकरी लागली आणि मी इथे आले, तेव्हा मोठ्या दवाखान्यात गेले. तिथेही शिकाऊ डॉक्टरनं मान वर न करता विचारलं, खर्रा कधीपासून. मी पर्स उचलून निघालेच होते, तेवढ्यात त्याच्या वरच्या मॅडम आल्या. त्यांनी माझ्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवली आणि उघडेल तेवढं उघड म्हणाल्या. मग गालाच्या आतून बोट फिरवलं आणि त्या मुलाला बोलावून दाखवलं. बघ, गाल मऊ आहे, गुलाबी आहे. खर्ऱ्यानं गाल पांढरा पडतो, कडक होतो. हिचा जबडा उघडताना एका बाजूला जातो, म्हणजे सांध्यातली चकती सरकून अडकली आहे. हिनं काही खाल्लेलं नाही. पियुष, मी त्या खुर्चीत हमसून हमसून रडले. मॅडमना वाटलं त्यांचा हात जोरात लागला. त्यांनी सुईनं सांधा धुतला, झोपताना दातांवर घालायचा पारदर्शक साचा करून दिला, कारण झोपेत मी दात आवळते. कधीपासून, असं विचारलं. मी म्हटलं, आठवत नाही. शेक, तोंडाचे व्यायाम, मऊ जेवण, यात वर्ष गेलं. आता पोळी खाते, पेरू खात नाही, जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरते. पूर्ण बरी झाले असं मॅडम म्हणत नाहीत, आटोक्यात आहे म्हणतात.

मॅडमचा कागद घेऊन मी वडनेरला आले होते. मला बघून तू न्हाणीघरात शिरलास तो मी निघेपर्यंत बाहेर आला नाहीस. एवढी आंघोळ तुझ्या जन्मात कधी केली नसशील. बाबांनी चष्मा लावून कागद वाचला, घडी घातली, म्हणाले, चांगलं झालं, औषध वेळेवर घेत जा. मी म्हटलं, लोकांना सांगा. सुमित्राबाईंना नका सांगू, निदान आनंदाबाईला सांगा, चार घरं आपोआप फिरेल. तर आई म्हणाली, आता कशाले सांगतं, लोक विचारतील मग ती पन्नी कोणाची होती, पोराचं लग्न व्हायचं आहे. म्हणजे तिला ठाऊक होतं. तिला ते कागद पाहून त्या दिवशी कळलं, का दुधात पुड्या कालवतानाही ठाऊक होतं, हे मी विचारलं नाही. मला उत्तराची भीती वाटली. चहा प्यायले आणि बस पकडली.

आता का लिहिते आहे ते सांगते. मंगळवारी मी तपासणीला गेले होते. पडद्याच्या अलीकडच्या खुर्चीत मी होते आणि पलीकडे तू. तोंडात गोटी धरल्यासारखा बोलत होतास, तरी आवाज ओळखला. डॉक्टरनं विचारलं, तंबाखू, खर्रा? तू म्हणालास, कधीच नाई सर, मले जबड्याच्या सांध्याचा त्रास आहे, आमच्या घरातच आहे तो, माझ्या बहिणीले पण आहे. भैताडा, माझं दुखणं घरात कुणी मानलं नाही, आणि पहिल्यांदा कुणा परक्याला सांगितलंस ते स्वतःचं खोटं झाकायला. मला हसू आलं. बरं वाटलं, खूप बरं वाटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. मग डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं आणि त्याचा आवाज बदलला. चट्टा आहे म्हणाला, तुकडा काढून तपासावा लागेल, पुढच्या गुरुवारी घरचं माणूस घेऊन ये. तू म्हणालास, साखरपुडा झाल्यावर येतो. तू गेल्यावर मी मॅडमना विचारलं, असा चट्टा तसाच ठेवला तर काय होतं. त्यांनी सांगितलं. त्यानंतर मला हसू आलेलं नाही. मी या गुरुवारची सुट्टी टाकली आहे. आईला आणि बाबांना घेऊन ये. डॉक्टर त्यांच्यासमोर विचारतील, खर्रा कधीपासून, आणि ते तू सांगायचं आहेस, मी तुझ्यावतीनं सांगणार नाही. तू आला नाहीस तर शुक्रवारी साखरपुड्याला मी वडनेरला येईन आणि पाहुण्यांसमोर, अपेक्षासमोर, तुझ्या गालात बोट घालून दाखवीन, आईनं मला शिकवलंय ते. तुला खरंच माझं दुखणं असतं तर किती बरं झालं असतं रे. त्यानं माणूस मरत नाही. साखरपुडा मोडल्यानंही मरत नाही, मी जिवंत आहे. तुझ्या गालात जे आहे त्यानं मरतं.

तुझीच, नाइलाजानं,
वर्षालीताई