गळ्यापर्यंत आलेलं चित्र

प्रिय धाकटे भाऊजी यांस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद, त्यातला एक जरा कान पिळून.

मी बरी आहे. गुडघे त्यांच्या मर्जीप्रमाणे चालतात, मी त्यांच्या मागून. तुमचा खोकला गेला का? (गेल्या खेपेस तुम्ही लिहिलं होतं की औषध आणलंय, आता घ्यायचं आहे. बाटली अजून सीलबंद असेल तर आधी ती उघडा, मग पुढे वाचा.) फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही "हो हो वहिनी" म्हणता आणि फोनबरोबर तो विषयही खाली ठेवता. पत्र टेबलावर पडून राहतं, येता-जाता डोळ्यांत खुपतं.

तसं विशेष काही नाही. भिंतीची खबर द्यावी म्हटलं.

तुम्हाला भिंत आठवत असेलच. पुढच्या खोलीतली, ह्यांनी सगळ्या घराचं चित्र काढायला घेतलं होतं ती. सगळे एका लांब बाकावर बसलेत: मामंजी, सासूबाई, तुम्ही, मी, माझ्या मांडीवर चिरंजीव, आणि टोकाला हातात ब्रश घेऊन उभे हे. ह्यांचा धंदा पाट्या रंगवायचा. लोकांची पाटी दुकान उघडायच्या आदल्या दिवशी वाळून तयार. पण घरचं काम म्हटलं की ह्यांच्या हाताला मुंग्या यायच्या. त्यात ह्यांची पद्धत जगावेगळी. साऱ्या दुनियेतले रंगारी वरून खाली येतात. हे खालून वर जायचे. म्हणायचे, "इमारत काय डोक्यापासून बांधतात?" त्यामुळे आधी सगळ्यांचे पाय झाले, मग सगळ्यांचे गुडघे, मग कंबर. घरात पुराचं पाणी चढावं तसं ते चित्र वर्षानुवर्षं चढत गेलं. सासूबाई गेल्या तेव्हा ते कंबरेपर्यंत आलं होतं. शेवटच्या दिवसांत त्या खाटेवरून भिंतीकडे बघून म्हणायच्या, "मला नेईपर्यंत गळ्याशी तरी ये रे बाबा."

एकेकाला फुरसत मिळेल तसं स्टुलावर बसवून हे काढायचे, आणि एका बसण्यात नि दुसऱ्या बसण्यात दोन-दोन हिवाळे जायचे. म्हणून तर तुमच्या पँटचा डावा पाय बेलबॉटम आहे आणि उजवा नळीसारखा. मधल्या काळात फॅशन बदलली. मामंजींच्या एका पायात बूट, दुसऱ्यात सपात. चिरंजीवांचा एक पाय तीन वर्षांच्या पोराचा आणि दुसरा शाळेत जाणाऱ्याचा. मी गुडघ्यापर्यंत निळी आणि वर हिरवी, कारण निळ्याचा डबा संपला. (मी म्हटलं, दुसरा आणा. तर म्हणाले, हिरवा तुला शोभतो. भांडणसुद्धा करू दिलं नाही.)

गळ्यापर्यंत आल्यावर मात्र पूर थांबला. चेहरे काढायचे म्हटल्यावर ह्यांनी बाकाच्या लाकडाच्या रेषा काढायला घेतल्या. त्या झाल्यावर चौकटीची वेलबुट्टी. ती झाल्यावर बाकाखाली मांजर. आपल्या घरात मांजर कधीच नव्हतं, पण सबंध चित्रात तोंड आहे ते त्या एका मांजराला. पुढे हे गेले. त्यालाही आता तीन वर्षं होतील. आणि आम्ही सगळे कॉलरपर्यंत नीटनेटके, वर कोरी भिंत, असे बसून राहिलो. मला सवय झाली. पाहुण्यांना होत नाही. मीटर बघायला येणारा माणूस आता दारातूनच आकडा विचारतो.

आता मुद्दा. सूनबाईला दिवस गेलेत, हे तुम्हाला चिरंजीवांनी कळवलं असेल. (नसेल तर आत्ता कळलं. आनंद माना आणि उत्तर पाठवा.) तिसऱ्या महिन्यापासून दोघं इथेच राहायला आलेत आणि पुढची खोली बाळाची ठरली. सूनबाई मुलगी गुणाची, पण सरळ बोलते. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाली, "आई, बाळ डोळे उघडेल आणि समोर पाच बिनडोक माणसं. एक तर ह्यांना डोकी द्या, नाहीतर भिंतीला रंग द्या." चिरंजीव म्हणाले, रंगच देऊ. मी म्हटलं, डोकी देते. तेव्हा दोघांनी मिळून मला महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली आणि महिनाअखेरीचा रंगारीही ठरवून टाकला. पांढरा रंग. आणून जिन्याखाली ठेवलाय. मी रोज त्या डब्यांवरून वळसा घालून जाते.

तुम्ही म्हणाल, वहिनीला चित्र कुठे येतं? वाचायला तरी कुठे येत होतं? घरात वाळत ठेवलेल्या ह्यांच्या पाट्यांवरून अक्षरं शिकले. आयुष्यात मी वाचलेलं पहिलं अख्खं वाक्य म्हणजे "आत येताना पाय पुसा". तिथून सुरुवात करून मी वाचनालयातली जाडजूड पुस्तकं संपवली, तर पाच डोकी काय जड?

पण भाऊजी, काम करायचं ठरवलं की घरात इतर कामं किती निघतात! पहिल्या दिवशी ब्रश काढले, तर ते कडक झालेले. ते भिजत घातले. भिजेपर्यंत भिंत पुसावी म्हणून फडकं शोधायला कपाट उघडलं, तर कपाट आवरायला झालेलं. ते आवरताना बटणांचा डबा सापडला. त्यात रंगांप्रमाणे बटणं वेगळी करण्यात तीन दिवस गेले, आणि सांगते, इतकं समाधान मला कशातच मिळालं नव्हतं. मग स्टूल डुगडुगतं म्हणून सुताराकडे नेलं. सुतार म्हणाला, ठेवून जा. तिथे आधीच कोणाकोणाची स्टुलं "ठेवून जा" म्हणून पडलेली. मला त्यांच्यात आपलं स्टूल सोडवेना. परत आणलं आणि पायाखाली पुठ्ठा घातला. हे मी घरीच करू शकले असते, पण फिरणं झालं.

मग वाचनालयातून माणसाचा चेहरा कसा काढावा याचं पुस्तक आणलं. त्यात पहिल्याच पानावर लिहिलेलं, की आधी जिवंत माणसांच्या डोळ्यांचं निरीक्षण करा. मी आज्ञाधारक वाचक. बसथांब्यावर एका गृहस्थांच्या डोळ्यांचं निरीक्षण केलं, ते दुसऱ्या थांब्यावर चालत गेले. शेजारच्या नर्सबाईंचं केलं, तर त्यांनी माझा हात धरून नाडी बघितली आणि विचारलं, "काकू, जीभ बाहेर काढा बघू. हात वर करता येतो का?"

अखेर सासूबाईंपासून सुरुवात केली. म्हटलं मोठ्यांचा मान आधी. डोळे, नाक, ओठ, हनुवटी, सगळं पुस्तकाप्रमाणे जागच्या जागी ठेवलं आणि मागे सरून बघते तर आपला पोस्टमन! अगदी हुबेहूब. नर्सबाईंनीही तेच सांगितलं, सूनबाईनंही, आणि नेमका तो स्वतः पार्सल घेऊन आला तोही सही घ्यायची विसरून बघत राहिला. दुसऱ्या दिवशी केस नीट विंचरून आला. म्हणाला, कानाचं काम राहिलंय वाटतं. पुसायच्या आधी मला त्याच्या सुट्टीच्या दिवसाची वाट बघावी लागली.

मग मला युक्ती सुचली. मामंजी आयुष्यभर वर्तमानपत्रामागे बसायचे. त्यांच्या तोंडासमोर उघडं वर्तमानपत्र काढलं. झालं काम! अर्ध्या तासात एक माणूस पूर्ण, आणि हुबेहूब तेच. यशानं मी चढून गेले. सासूबाईंना शिंक आली म्हणून रुमाल. चिरंजीवांच्या तोंडासमोर फुगा. मी स्वतः पोराकडे बघायला मान वळवलेली, म्हणजे फक्त केस. तुमच्यासाठी काही सुचेना, म्हणून तुम्ही दोन्ही हातांनी तोंड झाकून काहीतरी आठवताय असं दाखवलं. संध्याकाळी चिरंजीव आले, बूट काढता काढता थांबले आणि म्हणाले, "आई, हे घर आहे की पोलिसांनी पकडून आणलेत सगळे?"

सूनबाई हसून हसून पोट धरून खाली बसली. पाठोपाठ मीही हसले. ह्या भिंतीसमोर मी इतकी हसल्याला बरीच वर्षं झाली होती.

वर्तमानपत्र तेवढं ठेवलं. मामंजींवर अन्याय नको. बाकी सगळं पुसलं आणि नव्यानं बसले. ह्या वेळी पुस्तक मिटून ठेवलं. सासूबाई कशा दिसायच्या हे आठवण्याऐवजी त्या माझ्यावर रागावल्या की कशा दिसायच्या हे आठवलं, आणि हात आपसूक चालला. आता त्या अशा बघतात की सूनबाई त्यांच्यासमोर चहाचा कप खाली ठेवत नाही. चिरंजीव गोड आलेत. मी बरी आलेय, जरा तरुण, पण कोणी तक्रार केलेली नाही. तुम्हाला पंचविशीतलं काढलंय. केस भरपूर दिलेत. आभार मानू नका, रंग शिल्लक होता.

तर अशी सगळी मजा. इकडे काळजीचं काही नाही. तब्येतीला जपा. पायांत मोजे घालत जा, आणि दोन्ही एका रंगाचे.

तुमची,
वहिनी

ता. क. नर्सबाई म्हणतात की तुमचा चेहरा चांगल्या माणसाचा असल्यासारखा आलाय. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

ता. क. आणखी एक. पत्र परत वाचलं तेव्हा ध्यानात आलं, की पाच डोक्यांचा हिशेब लिहिला आणि सहावं राहिलं. सूनबाई मोजताना पाचच म्हणाली, कारण टोकाला उभे असलेले हे म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे, असं तिला वाटलं होतं. ते डोकं अजून झालेलं नाही. खरं सांगायचं तर आज सकाळी तेच करायला बसले होते. रंग कालवला, स्टुलावर चढले, उतरले आणि म्हटलं, आधी भाऊजींना पत्र.

फोटो आहे, नाही असं नाही. चिरंजीवांनी मोठा करून लावलाय तो. पण फोटो काढताना हे श्वास धरून उभे राहायचे, पाण्यात बुडी मारल्यासारखे. त्या माणसाबरोबर मी एक दिवस राहिलेली नाही. मला हवाय तो चेहरा वेगळा. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "कुठवर आलं?" आणि हे माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघायचे, एक भुवई वर, खालचा ओठ दाताखाली, जणू भिंतच आता काय ते उत्तर देईल. तो चेहरा मला पाठ आहे असं मी समजत होते. डोळे मिटले की दिसतो, ब्रश उचलला की जातो.

तो चेहरा दुसऱ्या कोणाकडे असेल तर तुमच्याकडे आहे. मागे तुम्ही आला होता तेव्हा मी विचारलं, भाऊजी, ते नाटक लिहीत होता त्याचं काय झालं? तुम्ही खिडकीकडे बघितलंत, आणि माझ्या हातातली बशी पडता पडता राहिली. तेव्हा बोलले नाही. आता बोलते: तो चेहरा घेऊन या. दोन सकाळी पुरतील. तुम्ही स्टुलावर बसा, मी आतून नाटकाचं विचारीन, तुम्ही उत्तर देऊ नका. तुम्हाला ते जमेल.

रंगारी मात्र तुमच्या-आमच्यासारखा नाही. ठरल्या दिवशी येतो म्हणतात. तेव्हा ह्या एका गोष्टीत घराण्याचं नाव राखू नका.

ता. क. हे शेवटचं. सूनबाईनं पत्र वाचलं (टेबलावर ठेवलं होतं, मीच ठेवलं होतं). मग जिन्याखालचे डबे बघून आली आणि म्हणाली, काका नाही आले तर बाबांचं डोकं मी काढते, तुम्ही नाक-डोळे सांगत जा. तिनं ह्यांना बघितलेलंही नाही. पेन्सिल घेऊन समोर बसली आणि विचारलं, "नाक कसं होतं?" मी तोंड उघडलं. भाऊजी, इतकी पुस्तकं वाचली, पण मला त्या नाकाला शब्द सापडेना. ती पेन्सिल धरून थांबली. शेवटी मी म्हटलं, येतंय ते नाक, गाडीनं येतंय.

तेव्हा या. तिनं खोडरबर आणून ठेवलाय.